निरंक

सर्वेक्षणाचा पोरगा दाराशीच बूट काढतो.
इथं सगळेच काढतात. पाटी आहे:
चप्पल, फोन, गप्पा बाहेर.
तो कुजबुजत विचारतो, आस्थापनेचं नाव?
एकाग्र अभ्यासिका, गूळ मार्केटच्या मागं, लातूर.
मालक? मन्मथ शिवलिंग हालकुडे.
कामगार? एक. रात्रपाळीला. माझे वडील.
उत्पादन?

मी हॉलकडे बघतो.
एकशे चार खुर्च्या, मध्ये प्लायचे आडोसे,
प्रत्येकीला एक दिवा, एक नंबर.
महिना नऊशे. एसीकडची बाजू बाराशे.
कुणी रेणापूरचं, कुणी अहमदपूरचं, एक तर पार किनवटची.
माना खाली. मधूनच पान उलटतं,
माल म्हणायचा तर तेवढाच.

याच जागेत डाळमिल होती.
पंचेचाळीस ते साठ नंबर बसतात
तिथं पॉलिशचा ड्रम फिरायचा
आणि बाप तेवीस वर्षं त्या खडखडाटात उभा,
भुवयांत चुनी घेऊन.
घरी आला की आई आधी त्याला झटकायची,
मग ताट वाढायची.
आज काय केलंस, असं त्याला कुणी विचारलं नाही.
थप्पी दिसायची. पोती मोजता यायची.

मिल बंद पडली, ड्रम भंगारात गेला, किलोवर.
बापाचे कान मात्र तिथंच राहिले, त्या आवाजात.
नवीन काही आत घेत नाहीत.

भिंतींना जाड कापड लावलं
त्या दिवशी तो खुर्ची टाकून बघत बसला.
"काय इकलालास रं इथं?"
शांतता, मी ओरडून सांगितलं.
"काय?"
शांतता!
प्लाय कापणारा खय्युम करवत थांबवून हसला.
"ती तर फुकट असती की," बाप म्हणाला.

फुकट नसते.
वरच्या होस्टेलच्या मोटारीखाली रबर बसवलं, साडेतीन हजार.
मंगल कार्यालयाच्या बँडवाल्याला लग्नसराईत
गल्लीच्या तोंडाशीच चहा पाजावा लागतो.
पाण्याचा जार आपटायचा नाही, टेकवायचा,
हे शिकवण्यात दोन पोरं काम सोडून गेली.
पद्मिनबाई मेसचे डबे गोणपाटावर मांडते.
एवढं सगळं करून
रात्री हातात काही उरत नाही.
गोदामात टाकता येत नाही, भाव चढेस्तोवर थांबता येत नाही.
आज रिकामी राहिलेली खुर्ची
आजच नासते, दुधासारखी.

मार्चमधली गोष्ट. रात्रीचे अडीच.
सत्तावन्न नंबरची पोरगी रडत होती,
नियमाप्रमाणे, आवाज न करता.
ज्यांना ऐकू येतं त्यांच्या ते लक्षात आलं नाही.
बाप दारातून उठला.
तिच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला,
दिव्याची मान थोडी खाली वळवली,
परत येऊन बसला.
त्याची पावती फाडली नाही.

"उत्पादन, काका," पोरगा टॅब पुढं करतो.
"टन, लिटर, नग, काहीतरी सांगा.
रकाना मोकळा असला की फॉर्म पुढं सरकत नाही."
निरंक लिही.
त्यानं लिहिलं. हिरवी खूण आली.

बूट घालताना घुटमळला.
एका फॉर्मचे अकरा रुपये, तेही तीन महिन्यांनी.
तलाठ्याची जाहिरात निघणार म्हणतात.
"रात्रीची एखादी सीट आहे का? अर्ध्या महिन्याची?"

बाप नुकताच पाळीवर आला होता.
पोराच्या ओठांकडं बघत त्यानं
बोट जिभेला लावलं, रजिस्टर उघडलं.
"एकसष्ट घे," तो म्हणाला,
ज्याला स्वतःचा आवाज येत नाही तो बोलतो तेवढ्या मोठ्यानं,
"ड्रमच्या शेजारची."

हॉलमधल्या सगळ्या माना वर झाल्या.